पहिल्यांदाच सिंगापूरच्या क्रूझला जाताय? व्हिसा आणि जहाजावरच्या पैशांबद्दल सविस्तर

नमस्कार सर,

तुमचा प्रश्न वाचला. तुम्ही दोघं सांगलीचे, शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले. बंगळुरूच्या मुलानं तुमच्यासाठी सिंगापूरहून निघणारी चार रात्रींची क्रूझ काढली आहे, वाटेत पेनांग आणि फुकेत. तुम्ही विचारलंय की आम्ही या दोन्ही ठिकाणी उतरणारच नाही, तर मलेशिया आणि थायलंडचे सोपस्कार कशाला करायचे? दुसरं म्हणजे, जहाजावर रोख चालत नाही म्हणतात. तुमच्याकडे पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड आहे, मुलगा म्हणतो माझं क्रेडिट कार्ड घेऊन जा. यातलं काय चालेल, आणि खात्यातून परस्पर पैसे कापले जातात हे खरं का?

मी ठाण्यात प्रवासाच्या व्यवसायात आहे. माझ्याकडे क्रूझसाठी येणाऱ्यांत तुमच्यासारखी मंडळी पुष्कळ असतात: मुलांनी हौसेनं काढून दिलेली सहल, हातात तिकीट आणि पोटात धाकधूक. म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

तुमचे दोन्ही प्रश्न एकाच ठिकाणी निकाली निघतात, ते म्हणजे क्रूझ टर्मिनलवरचं चेक-इन काउंटर. सिंगापूरला तुमचं जहाज मरिना बे क्रूझ सेंटरवरून किंवा हार्बरफ्रंटच्या टर्मिनलवरून सुटेल. ही दोन ठिकाणं वेगवेगळी आहेत, तिकिटावर कोणतं लिहिलंय ते आधी बघून ठेवा. तिथं काउंटरवरची व्यक्ती तुमचा पासपोर्ट, व्हिसा आणि बोर्डिंग पास बघते, तुमच्या खोलीच्या खात्याला कार्ड जोडते आणि मगच आत सोडते. विमान चुकलं तर दुसऱ्या दिवशीचं मिळतं. जहाज सुटलं की ते चार रात्रींनीच परत येणार, आणि कागद अपुरे म्हणून चढू दिलं नाही तर भाडं परत मिळत नाही. म्हणून माझ्या मते सगळी मेहनत त्या काउंटरच्या आधी करायची, म्हणजे पुढचे चार दिवस निवांत जातात.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा, क्रूझ कंपनी कोणती आणि प्रवासाची तारीख काय, यावर उत्तर बदलतं. मी खाली लिहितोय ते भारतीय पासपोर्ट धरून. तुमच्याबरोबर अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्टवाली नातवंडं असतील तर त्यांचे नियम वेगळे. एकाच केबिनमधल्या चौघांना चार वेगळे नियम लागू होऊ शकतात, आणि मुलांचं जमलं म्हणजे आजी-आजोबांचंही जमेल असं धरून चालणारे लोक मी सारखे बघतो.

आता सिंगापूर. भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा लागतोच, अधिकृत एजंटमार्फत तो ई-व्हिसा म्हणून मिळतो. त्या कागदावर तुम्ही एकच ओळ शोधायची आहे: ‘मल्टिपल जर्नी’ (म्हणजे एकाहून जास्त वेळा प्रवेश) लिहिलंय का. कारण असं की विमानानं सिंगापूरला उतरलात ही तुमची पहिली एंट्री. जहाजात बसताना टर्मिनलवर इमिग्रेशनमधून बाहेर पडता, म्हणजे तुम्ही देश सोडलात. चार रात्रींनी जहाज परत आलं की ती दुसरी एंट्री. तुम्ही मधे कुठंही पाय ठेवला नाही तरी हिशेब हाच. नुसत्या समुद्रात फिरवून परत आणणाऱ्या दोन-तीन रात्रींच्या क्रूझलाही हेच लागू होतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. सिंगापूरचा व्हिसा सहसा मल्टिपलच येतो, पण ‘सहसा’वर विसंबून पाच तासांच्या विमानात बसू नका. छापील कागद हातात घेऊन स्वतः वाचा.

दुबईच्या क्रूझला ही चूक फार होते. मागे एक कुटुंब माझ्याकडे आलं. त्यांनी क्रूझ स्वतः ऑनलाइन काढली होती आणि व्हिसा भलत्याच कुणाकडून घेतला होता. दुबईहून निघून दोहा करून परत दुबई असा मार्ग. व्हिसावर स्वच्छ लिहिलं होतं ‘सिंगल एंट्री’. निघायला आठवडा उरला होता. तो व्हिसा रद्द करून मल्टिपल एंट्रीचा नव्यानं काढला, पैसे दोनदा गेले, पण सहल वाचली. त्यांनी तो कागद आधी कितीदा तरी बघितला होता. नाव आणि फोटो बरोबर आहेत एवढंच तपासलं होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न: उतरणारच नाही, तर त्या देशांचं काय? हा प्रश्न अगदी रास्त आहे. तुम्हाला वाटतं, आम्ही आमच्या खोलीत बसणार, कुणाच्या देशात जाणार नाही. पण जहाज पेनांगच्या धक्क्याला लागलं की ते मलेशियाच्या हद्दीत असतं आणि जहाजावरच्या प्रत्येक माणसाची यादी तिथल्या इमिग्रेशनकडे आधीच गेलेली असते. शिवाय कंपनीला दुसरी काळजी असते. रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं तर जवळच्या बंदरात उतरवून हॉस्पिटलात न्यावं लागतं. हवा बिघडली तर जहाज ठरलेल्या बंदराऐवजी दुसरीकडे नेतात. ज्या माणसाला त्या देशात उतरवता येत नाही असा माणूस घेऊन निघणं कंपनीला परवडत नाही, त्याचा दंड आणि खर्च तिच्या डोक्यावर बसू शकतो. म्हणून बहुतेक क्रूझ कंपन्यांचा नियम सरसकट असतो: मार्गावरच्या प्रत्येक देशात प्रवेश मिळेल अशी कागदपत्रं प्रत्येकाकडे हवीत, उतरा अथवा न उतरा.

इथं एक फरक नीट समजून घ्या. देशाचा नियम आणि कंपनीचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही देश क्रूझच्या प्रवाशांना काही तासांसाठी सवलत देतात, आणि इंटरनेटवर तेवढंच वाचून लोक निश्चिंत होतात. काउंटरवर मात्र दोन्ही नियमांतला जो कडक, तोच चालतो. म्हणून माझी पद्धत अशी आहे की कंपनीकडून किंवा जिथून बुकिंग केलं त्यांच्याकडून ईमेलवर लेखी घ्यायचं: ‘भारतीय पासपोर्ट, अमुक जहाज, अमुक तारीख, आम्हाला कोणते व्हिसा आणि कोणते फॉर्म लागतील?’ फोनवर मिळालेलं उत्तर काउंटरवर दाखवता येत नाही, ईमेल दाखवता येतो. उत्तरात ‘सर्व आवश्यक व्हिसा ही प्रवाशाची जबाबदारी’ असं गुळमुळीत आलं तर पुन्हा लिहा आणि देशांची नावं घेऊन विचारा.

तुमच्या मार्गापुरतं बोलायचं तर काळजीचं फारसं कारण नाही. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसामुक्त प्रवेश सुरू केला आणि ही सवलत पुढे २०२६ च्या अखेरपर्यंत वाढवली. थायलंडनंही १५ जुलै २०२४ पासून ६० दिवसांची व्हिसामुक्त सवलत दिली होती. पण अशा सवलती त्या त्या देशाच्या मर्जीवर असतात आणि मुदती बदलतात. तेव्हा बुकिंगच्या दिवशी एकदा आणि निघायच्या पंधरा दिवस आधी पुन्हा एकदा ताजी स्थिती तपासायची. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतर किमान सहा महिने उरलेली हवी. व्हिसामुक्त देशातही ही अट असते, ती सवलतीबरोबर माफ होत नाही.

व्हिसा नको म्हणजे काहीच नको, असं मात्र नाही. तिन्ही देशांचे डिजिटल अरायव्हल कार्डाचे, म्हणजे देशात पोचण्याआधी ऑनलाइन भरायचे, फॉर्म आहेत. सिंगापूरचं एसजी अरायव्हल कार्ड, मलेशियाचं एमडीएसी आणि थायलंडचं टीडीएसी, जे १ मे २०२५ पासून सुरू झालं. क्रूझच्या प्रवाशांसाठी पेनांग आणि फुकेतचे फॉर्म जहाज भरतं की तुम्ही भरायचे, हे कंपनी कळवते. वरच्या ईमेलमध्ये तेही विचारून घ्या. हे तिन्ही फॉर्म सरकारी साइटवर मोफत आहेत. गुगलवर शोधलं की वर जाहिरातीत हुबेहूब दिसणाऱ्या साइट्स येतात आणि माणशी काही हजार रुपये मागतात. पैसे मागितले की ती साइट बंद करायची.

सिंगापूरच्या फॉर्ममध्ये एक गंमतीची अडचण आहे आणि ती तुम्हाला नेमकी लागू होते. हा फॉर्म पोचण्याच्या दिवसासकट फक्त तीन दिवस आधी भरता येतो, आणि प्रत्येक प्रवेशाला नवा लागतो. विमानानं जाताना तुम्ही घरूनच भराल. पण समजा जहाज रविवारी निघालं आणि गुरुवारी सकाळी परत आलं, तर परतीचा फॉर्म मंगळवारच्या आधी उघडतच नाही. म्हणजे तो घरून किंवा सिंगापूरच्या हॉटेलातून भरता येणार नाही. जहाजावरचं इंटरनेट विकत घ्यावं लागतं आणि ते स्वस्त नसतं. अशा मार्गावर मंगळवारी जहाज बहुधा फुकेतला असतं. तिथं उतरून एखाद्या कॅफेत चहा घेत तिथल्या वायफायवर दोघांचे फॉर्म भरून टाका. अगदीच उतरायचं नसेल तर मुलाला सांगा, तो बंगळुरूहून तुमचे तपशील घालून भरू शकतो, फक्त पोचपावती येणारा ईमेल पत्ता नीट द्यायचा. निघण्याआधी त्याच्याशी हे ठरवून ठेवा.

आणि हो, सर, पेनांगला उतरा. तिथला स्वेटेनहॅम धक्का जॉर्ज टाउन शहराला अगदी लागून आहे. जुनी पेठ, देवळं आणि लिटिल इंडिया सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि हे शहर २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. एवढं लांब जाऊन खोलीत बसून राहणं मला तरी पटत नाही.

अमेरिकेत मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांसाठी एक गोष्ट इथंच सांगतो, कारण हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. ‘आमच्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे, अलास्का अमेरिकेतच आहे, मग अडचण काय?’ अडचण कॅनडाची आहे. अमेरिकेत १८८६ चा एक कायदा आहे, त्यानुसार परदेशी नोंदणीचं जहाज मधे लांबचं परदेशी बंदर न घेता अमेरिकेतल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊन सोडू शकत नाही, आणि सिएटलहून निघून परत सिएटलला येणाऱ्या फेरीतही एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून सिएटलहून निघणारी अलास्काची जहाजं बहुधा संध्याकाळी काही तासांसाठी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. त्या काही तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि त्याला लागणारा वेळ बघता तो अमेरिकेत पोचल्यावर सुचण्याऐवजी भारतातून निघण्याआधी सुचलेला बरा. भूमध्य समुद्रातल्या क्रूझचंही तसंच: ग्रीसहून निघून तुर्कस्तानला टेकून परत ग्रीसला येणारं जहाज असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा) मल्टिपल एंट्रीचा हवा.

नावाबद्दल दोन ओळी. आपल्याकडे पासपोर्टवर बायकांच्या नावात नवऱ्याचं नाव असतं, पॅनवर कधी माहेरचं आडनाव राहिलेलं असतं आणि बँकेत तिसरंच काही. क्रूझचं बुकिंग, व्हिसा आणि अरायव्हल कार्ड या तिन्हींवर नाव पासपोर्टबरहुकूम हवं, स्पेलिंगसकट. मुलानं घाईत ‘आई’चं नाव व्हॉट्सअॅपवरून उचलून टाकलं नाहीये ना, ते बघा. दुरुस्ती आधी केली तर सहज होते.

आता पैशांकडे वळतो. इथं मला जास्त लिहायचंय, कारण व्हिसाचं उत्तर लेखी मिळतं, पैशांचं कुणी नीट समजावून सांगत नाही.

जहाजावर खरेदीच्या वेळी पैसे द्यायचे नसतात. चेक-इनला तुम्हाला एक कार्ड किंवा पट्टा मिळतो. तीच तुमच्या खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच उधारीचं खातं. कॉफी घेतली, फोटो घेतला की ते दाखवायचं, रक्कम खोलीच्या नावावर चढते आणि शेवटच्या रात्री एकत्र बिल होतं. मुख्य जेवणघर आणि बुफे भाड्यातच असतात. बाहेरचे खर्च म्हणजे मद्य आणि बरीचशी शीतपेयं, स्पेशालिटी रेस्टॉरंट, इंटरनेट, सहली, फोटो आणि स्पा. पेयांवर बहुतेक ठिकाणी वर सेवा शुल्क लागतं, १८ टक्के किंवा त्याच्या आसपास.

या सगळ्याची हमी म्हणून खात्याला कार्ड जोडतात किंवा रोख अनामत घेतात. रोख अजिबात चालत नाही हे तितकंसं खरं नाही. अनेक कंपन्या रोख अनामत स्वीकारतात, पण जहाजाच्या चलनात, म्हणजे कंपनीनुसार सिंगापूर डॉलर किंवा अमेरिकन डॉलर. रुपये कुणी घेत नाही, यूपीआयही डोक्यातून काढून टाका. रोखीची गैरसोय अशी की अनामत संपली की खातं बंद होतं आणि परत रिसेप्शनवर जाऊन भरावी लागते, आणि उरलेले परत घ्यायला शेवटच्या रात्री भली मोठी रांग असते. पण ज्यांच्याकडे क्रेडिट कार्ड नाही त्यांच्यासाठी मी रोखच सुचवतो. तुमच्या पेन्शनच्या डेबिट कार्डापेक्षा ती बरी.

डेबिट कार्डाला माझा विरोध का, ते ‘परस्पर पैसे कापतात’ या तुमच्या ऐकीव गोष्टीत आहे. जहाज कार्ड जोडताना एक रक्कम राखून ठेवतं, याला होल्ड म्हणतात. तो खर्च नव्हे, तुमच्या बँकेकडून घेतलेली हमी आहे. तुम्ही खर्च करत गेलात की मधेमधे आणखी होल्ड घेतले जातात. शेवटी खरं बिल वेगळी नोंद म्हणून येतं आणि आधीचे होल्ड बँक सावकाश सोडते, कधी काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांत. समजा तीनशे डॉलरचा होल्ड लागला आणि तुमचं बिल झालं दोनशे. क्रेडिट कार्ड असेल तर तेवढे दिवस लिमिट अडकतं, खिशाला झळ नाही. डेबिट कार्ड असेल तर पेन्शनच्या खात्यातले खरे पाचशे डॉलर अडकलेले दिसतात, त्यातले तीनशे नंतर मोकळे होतात. मोबाइलवर दोन एसएमएस येतात आणि माणसाला वाटतं आपल्याला दोनदा लुटलं. फोन करकरून बेजार झालेले काका-काकू मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या सहलीचा शेवटचा दिवस त्यातच गेला. फॉरेक्स कार्डाचंही, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून ठेवलेल्या कार्डाचंही, असंच आहे. बाजारात खर्चायला ते उत्तम, अनामतीसाठी नको, कारण अडकलेले पैसे सुटायला तिथंही वेळ लागतो.

मुलाचं क्रेडिट कार्ड? त्याच्या नावाचं कार्ड घेऊन तुम्ही काउंटरवर गेलात आणि तो बरोबर नसेल, तर ते नाकारलं जाण्याची शक्यता मोठी. कार्डावरचं नाव आणि समोरचा माणूस जुळायला हवा. काही कंपन्या कार्डधारकाकडून आधी लेखी संमतीपत्र घेऊन हे चालवतात, त्यासाठी मुलानं निघण्याच्या बरंच आधी कंपनीला विचारावं. मला याहून सोपा वाटणारा उपाय म्हणजे अॅड-ऑन कार्ड. मुलाच्या क्रेडिट कार्डावर तो तुमच्या किंवा काकूंच्या नावाचं पूरक कार्ड बँकेकडून काढू शकतो. त्यावर तुमचं नाव असतं, बिल त्याच्याकडे जातं आणि त्याची मर्यादाही तो ठरवू शकतो. कार्ड घरी यायला थोडे दिवस लागतात, म्हणून आजच अर्ज करायला सांगा. कार्ड ‘व्हिसा’ (Visa) किंवा मास्टरकार्ड या कंपनीचं घ्या, साध्या देशांतर्गत रुपे कार्डावर जहाजावर विसंबू नका.

कार्ड आलं की एक काम न विसरता करायचं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवी कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांसाठी सुरू असतात. परदेशातला वापर बँकेच्या अॅपमध्ये जाऊन स्वतः चालू करावा लागतो. हे अॅड-ऑन कार्डालाही लागू आहे आणि बहुधा मुलाच्या अॅपमधूनच होईल. पिनही आधी लावून, इथं एखाद्या दुकानात एकदा वापरून बघा. ओटीपी भारतातल्या नंबरावर येतो आणि भर समुद्रात तुमचा सिंगापूरचा रोमिंग पॅक चालत नाही. जहाजावरचं मोबाइल नेटवर्क वेगळं आणि फार महाग असतं, म्हणून जहाज सुटलं की फोन फ्लाइट मोडवर टाका आणि ओटीपी लागेल असं कोणतंही काम समुद्रावर ठेवू नका. कंपनीच्या अॅपमध्ये कार्ड जोडण्याची सोय असेल तर ते घरी बसूनच करा.

परदेशी चलनातल्या खर्चावर बँक मार्कअप लावते, साधारण दोन ते साडेतीन टक्के, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या कार्डावर पन्नास हजारांचं बिल झालं तर १,७५० रुपये मार्कअप आणि ३१५ रुपये जीएसटी, मिळून २,०६५ रुपये वर. हे टाळणारी कार्डंही मिळतात, पण चार रात्रींसाठी मुद्दाम नवं कार्ड काढायची गरज नाही. उलट एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा: बिल ‘तुमच्या सोयीसाठी रुपयांत’ करू का, असं काही ठिकाणी मशीनवर विचारतात. तिथं रुपये निवडू नका, जहाजाचं किंवा त्या देशाचंच चलन निवडा. रुपयांत करून देणारा दर नेहमी महाग पडतो.

टिपचा धक्का नवख्यांना हमखास बसतो. ग्रॅच्युइटी म्हणून दरडोई दररोज एक रक्कम खोलीच्या खात्यावर आपोआप चढते. तुम्ही काही विकत घेतलं नाही तरी ती येते. समजा दिवसाला १८ डॉलर असेल तर दोघांचे चार रात्रींचे १४४ डॉलर झाले. ती बुकिंगच्या वेळीच रुपयांत भरून टाकता येत असेल तर भरा. बुकिंगच्या बिलातच कदाचित मुलानं भरलीही असेल, पावतीवर बघा. ही रक्कम तुमची खोली आवरणाऱ्या, वाढणाऱ्या माणसांकडे जाते, ती काढून टाकायला रांगेत उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं.

बिलाच्या दृष्टीनं सगळ्यात मोठा धोका जहाजाचा दवाखाना आहे, आणि याबद्दल कुणीच बोलत नाही. जहाजावरच्या डॉक्टरांची फी, औषधं, सलाईन हे सगळं खोलीच्या खात्यावर चढतं आणि ते भारतातल्या दरांच्या कित्येक पट असतं. प्रवास विमा असला तरी तिथं बहुधा आधी तुम्ही भरायचं आणि नंतर कागद दाखवून परत मागायचं. म्हणून कार्डाची मर्यादा ठरवताना मुलाला सांगा, फोटो-कॉफीचा विचार करून ठेवू नकोस, आजारपण धरून ठेव. विम्यात क्रूझ स्पष्ट धरली आहे ना आणि तुमचा रक्तदाब, मधुमेह, जे काही असेल ते फॉर्मवर लिहिलंय ना, ते तपासा. नेहमीची औषधं पुरून उरतील एवढी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. मोठ्या बॅगा टर्मिनलवर तुमच्याकडून घेतात आणि खोलीपर्यंत यायला संध्याकाळ होते.

रोख किती न्यावी? जहाजासाठी नाही, किनाऱ्यासाठी. पेनांगला थोडे रिंगिट, फुकेतला थोडे बाथ, सिंगापूरला थोडे डॉलर, टॅक्सी-चहापाण्यापुरते. भारतातून जाताना २५,००० पर्यंत रुपये जवळ ठेवता येतात, परतल्यावर घरी जाण्यापुरते ठेवा. परकीय चलन अधिकृत मनी चेंजरकडूनच घ्या आणि पावती सांभाळा. पन्नास हजारांच्या वरचं चलन घ्यायचं तर रोख न देता चेकनं किंवा खात्यातून द्यावं लागतं.

बुकिंगच्या बिलात टीसीएस दिसत असेल तर घाबरू नका, तो आगाऊ जमा झालेला आयकर आहे. दर अर्थसंकल्पानुसार बदलतो. बुकिंग करताना ज्याचं पॅन दिलं त्याच्या २६एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या जमा कराच्या पत्रकात) तो दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. तुमचं पॅन दिलं असेल आणि एरवी तुम्ही रिटर्न भरत नसाल, तर यंदा भरावं लागेल, नाहीतर ते पैसे तसेच पडून राहतील. मुलाला विचारा कुणाचं पॅन दिलं.

जहाजावर गेल्यावर रोज रात्री एकदा खोलीतल्या टीव्हीवर किंवा अॅपमध्ये आपलं खातं बघायची सवय ठेवा. चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवर पाच मिनिटांत निघते, शेवटच्या रात्री तासभर लागतो. सगळ्यात जास्त गोंधळ मिनीबारमुळे होतो, त्यातलं काही नको असेल तर पहिल्याच दिवशी खोलीच्या कर्मचाऱ्याला तो रिकामा करायला सांगा. कॅसिनोत खोलीच्या खात्यावर पैसे उचलता येतात आणि त्यावर शुल्क लागतं, तिकडे फिरकायचं असेल तर हे ध्यानात असू द्या.

अंतिम बिलाची प्रत घ्या, कागदावर किंवा ईमेलवर, आणि घरी आल्यावर महिनाभर टाकून देऊ नका. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये बिलाच्या रकमेइतकी एकच नोंद पक्की व्हायला हवी. होल्ड तीन आठवड्यांनंतरही सुटला नाही किंवा दुसरी रक्कम पक्की झाली, तर ती प्रत जोडून मुलानं बँकेकडे तक्रार करायची. जहाज कंपनीच्या मागं लागण्याआधी बँक, कारण होल्ड सोडणं बँकेच्या हातात असतं.

जहाजाचं नाव, निघण्याची तारीख आणि ग्रॅच्युइटी आधी भरली आहे का, एवढं कळवलंत तर कंपनीला पाठवायच्या ईमेलचा मसुदा मी इथंच लिहून देतो. पासपोर्टचा किंवा कार्डाचा फोटो मात्र इथं टाकू नका.